‘मुलगी मोडका भोपळा घेऊन रडत घरी आली’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. आज सकाळी शिकवणाऱ्या दोन्ही ताईंना बसवून पुन्हा वाचला. ७०० रुपये भरून मुलगी मोडका भोपळा घेऊन रडत आली, शिकवणाऱ्या ताई नुसत्या बघत उभ्या होत्या आणि रद्दी-पुठ्ठ्यातून कसलं इंजिनिअरिंग शिकवता, असं तुम्ही लिहिलंय.

ती रडत आली ही चूक आमचीच. गोष्टीतली अडचण मुलांनी स्वतः वस्तू करून सोडवायची, अशा या गोष्टींच्या कार्यशाळेला आम्ही १४ मुलं घेतो. त्या रविवारी कुणाला नाही म्हणवेना, म्हणून २२ घेतली. तहानलेल्या कावळ्यातच सव्वा तास गेला आणि म्हातारीच्या भोपळ्याला जेमतेम २५ मिनिटं उरली.

पुठ्ठ्याचा भोपळा पहिल्या खेपेला टुणूक टुणूक जातच नाही, बहुतेकांचा अडतो. आतली म्हातारीची बाहुली एका कडेला चिकटवली की ती बाजू जड होते. उतारावर सोडलेला भोपळा थोडा गडगडतो, जड बाजू खाली आली की डुलतो आणि तिथेच बसतो. तुमच्या लेकीचाही तसाच बसला. बाहुली मधोमध आणून चारी बाजूंनी दोऱ्यांनी ताणून बांधली की तोच भोपळा थेट खाली पोचतो. पण हे सुचायला दुसरी खेप मिळावी लागते, आणि तीच आम्ही तिला दिली नाही. वेळ संपला म्हणून आवराआवर सुरू केली, त्या घाईत भोपळा कुणाच्या तरी पायाखाली चेपला. मनापासून माफी मागते.

ताई हात लावत नाहीत ते मात्र ठरवून. बाहुली आम्हीच बांधून दिली तर भोपळा पळेल, पण तो तिचा राहणार नाही. हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. नावनोंदणीच्या मेसेजमध्ये तशी एक ओळही नव्हती, आज घातली.

पुठ्ठ्याचं तुमचं म्हणणं मला पटत नाही. पुठ्ठा मुलांच्या कात्रीने कापला जातो, बिघडला तर दुसरा घेता येतो, घरी गेल्यावर पुन्हा करून बघता येतं. विकतच्या किटमध्ये भोकं आधीच पाडलेली असतात. मग मुलांनी ठरवायचं काय उरतं?

आणि एक गोष्ट तिने घरी सांगितली का, माहीत नाही. कावळ्याच्या गोष्टीच्या वेळी तिच्या गटाच्या बरणीत आम्ही मुद्दाम पावच पाणी ठेवलं होतं. खडे काठापर्यंत आले तरी पाणी मध्येच अडकलं, कारण खड्यांच्या फटींमध्ये साधारण ४० टक्के जागा मोकळी राहते. गोष्टीतल्या कावळ्याच्या मडक्यात पाणी पुरेसं होतं म्हणून त्याचं भागलं. बाकीची मुलं आणखी खडे रचायला लागली. तुमची लेक बराच वेळ बरणीला नाक लावून बसली, मग उठून कोपऱ्यातल्या घमेल्यातली वाळू आणली आणि मूठमूठ सोडत गेली. फटी भरल्या, पाणी काठाशी आलं. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, ताई नुसत्या बघत होत्या.

पैसे परत हवे असतील तर नोंदणीच्या नंबरवर कळवा, आजच पाठवते. नाहीतर येत्या रविवारी तिला घेऊन या, वेगळी फी नको. १४ च मुलं असतील आणि पूर्ण वेळ भोपळ्यालाच. चेपलेला भोपळा टाकला नसेल तर तोही आणा, त्यातली बाहुली पुन्हा वापरता येईल.