मावशी, सोयाबीन कोणी मुद्दाम सडवत नाही

काल रात्री मावशीने घरच्या ग्रुपवर एक मेसेज ढकलला. ‘पाऊस पडला की शेतकऱ्याची लॉटरी! पंचनामा नाही, काही नाही, एकरी ५० हजार खात्यात. वरून फुकटचा विमा. म्हणूनच हे लोक पीक मुद्दाम सडवतात. भरतो कोण? आपण करदाते.’ त्याच ग्रुपवर माझा मामेभाऊ आहे, मध्य प्रदेशात इंदूरजवळ, सांवेरकडे त्याचं चार एकर सोयाबीन. तो काही बोलला नाही. मग मीच बोलतो.

आधी ते ‘मुद्दाम सडवतात’, कारण डोकं त्यानेच फिरलं. केंद्रीय गृहमंत्रालयाचे २०२२-२३ ते २०२५-२६ साठीचे मदतीचे निकष बघ. कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, ओलिताला १७,०००. तेही नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर, आणि फार तर दोन हेक्टरपर्यंत. हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर, म्हणजे कोरडवाहूला एकरी ३,४०० च्या आसपास. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८. एकरी चारच क्विंटल निघालं तरी २१ हजार. मंडीत हमीभाव मिळत नाही म्हणतेस? चार हजारांनी विक, सोळा हजार होतात. साडेतीन हजारांसाठी सोळा हजार सडवणारा माणूस दाखव, मी त्याला इंदूरच्या सराफ्यात पोटभर जिलबी खाऊ घालतो.

सडलेलं सोयाबीन पाहिलंयस कधी? कापून रचलेल्या गंजीवर तीन दिवस पाऊस पडला की शेंगेतच दाण्याला मोड येतात. गंजीत हात घातला तर आतून गरम लागते. मंडीत व्यापारी मूठभर उचलतो, वास घेतो आणि परत टाकतो. आपण ज्याला मुआवजा, म्हणजे भरपाई, म्हणतो ना, त्याचं कागदावरचं नाव इनपुट सब्सिडी. गेलेल्या पिकाची किंमत नाही ती, पुढच्या बी-खताला हातभार.

पंचनामा नाही म्हणे! आपल्याकडे मध्य प्रदेशात आरबीसी ६-४ या महसुली परिपत्रकाखाली सगळं चालतं आणि नुकसानीचे टक्के पटवारी, म्हणजे तलाठी, लिहितो. मागे एकदा भावाने त्याची बारा दिवस वाट पाहिली. तोवर शेत मोकळं करता येईना, गव्हाची पेरणी खोळंबली.

आता एक कबूल करायलाच हवं. राज्य सरकार केंद्राच्या दरावर भर घालतं. मार्च २०२३ च्या गारपिटीनंतर निम्म्याहून जास्त नुकसानीला हेक्टरी ३२ हजार जाहीर झाले होते. मेसेजमधले ५० हजार बहुतेक तिथूनच फुगले. पण तेही हेक्टरी, एकरी नव्हे.

विमा फुकट नाही. खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड टक्का हप्ता शेतकरी भरतो. उरलेला सरकार भरतं, हे खरं. पण भरपाई ठरवताना उत्पन्न मोजतात ते एकट्याच्या शेताचं नाही, पूर्ण पटवारी हलक्याचं, म्हणजे एका पटवाऱ्याकडच्या सगळ्या भागाचं. एकट्याच्या शेतात गारा पडल्या तर ७२ तासांत कळवायचं.

कराचं म्हणशील तर शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, बरोबर. डिझेलवरचा कर मात्र तोही भरतो.

मावशी, तो मेसेज ‘सगळ्यांसाठी’ डिलीट कर, अजून होतो. आणि माझ्या मामेभावाला एक फोन कर. चैत्रात तुझ्याकडे गव्हाचं पोतं त्याच्याच शेतातून येतं.