अमरिलिसच्या बिया डब्यात ठेवू नका

अमरिलिस लिलीवरच्या लेखात तिच्या बिया 'वाळवून पुढच्या हंगामापर्यंत डब्यात ठेवा' असं म्हटलंय, ते कृपया करू नका. या कागदासारख्या पातळ काळ्या बियांची उगवणक्षमता फार लवकर घटते. परागीकरणानंतर चार ते सहा आठवड्यांत बोंड पिवळं पडून तीन फाकांत उकलतं. तेव्हाच बिया काढून आठवड्याभरात पेराव्यात. बी उजेडासमोर धरा: मधोमध गडद फुगवटा दिसला तरच आत गर्भ आहे, बाकी नुसतं फोलपट. ठाण्यात बोंडं पिकतात ती नेमकी पावसाच्या तोंडावर, त्यामुळे कुंडी पत्र्याखाली किंवा ग्रिलच्या आतच हवी. उघड्यावरच्या सरींत कोवळी रोपं मुळाशी कुजतात. कुंडीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जाड रेती निम्मी-निम्मी, बियांवर त्याचाच जेमतेम अर्धा सेंटिमीटर थर.

संकराबद्दल, म्हणजे दोन वेगळ्या झाडांपासून बी धरण्याबद्दल, लेखात एक महत्त्वाची गोष्ट राहून गेलीय. फूल उमलताच, परागकोश (परागांच्या पिशव्या) फुटण्याआधी, ते ज्यांच्या टोकाला असतात ते सहाही पुंकेसर चिमट्याने काढायला हवेत, नाहीतर स्वपरागीकरणाची, म्हणजे फुलाचेच पराग त्याला लागल्याची, शंका राहते. दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे ते कुक्षीचे (फुलाच्या मधल्या दांडीच्या टोकाचे) तीन भाग फाकून चिकट दिसू लागल्यावर. देठाला दोन्ही झाडांची नावं आणि तारीख लिहून चिठ्ठी बांधा, कारण बी पेरल्यापासून फूल दिसायला तीन-चार वर्षं लागतात.