कोड मोकळा ठेवून घर कसं चालवायचं

सोर्स कोड खुला केला की प्रोग्रामर उपाशी मरतो, हे मला अजिबात पटत नाही. प्रत काढायला खर्च शून्य, पण कोड चालता ठेवायला माणूस लागतो. पैसे त्या माणसाच्या वेळेचे मागायचे. १९८५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन आपल्या ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरची टेप १५० डॉलरला पाठवत. नेटवर्क असलेल्यांना तोच कोड फुकट उतरवून घेता येई. १९८९ मध्ये सुरू झालेल्या सिग्नस कंपनीने तर जीसीसी हा मुक्त कंपायलर (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) नवनव्या प्रोसेसरवर आणून देण्याच्या कंत्राटांवर धंदा उभा केला.

देणग्यांच्या भरवशावर मात्र राहू नका. २०१४ मध्ये हार्टब्लीड हा सुरक्षेतला गंभीर दोष उघडकीस आला तेव्हा त्याच दोषाच्या मुळाशी असलेल्या, जगभरच्या सर्व्हरांचं एन्क्रिप्शन सांभाळणाऱ्या ओपनएसएसएलला देणग्या मिळत होत्या वर्षाला सुमारे २,००० डॉलर! कंपनीच्या हिशेबात देणगीला खातं सापडत नाही, बिलाला सापडतं. म्हणून बिल पाठवा.

सपोर्टच्या करारात कोणत्या आवृत्त्या, कोणते प्लॅटफॉर्म आणि किती तासांत उत्तर, हे स्पष्ट लिहा. दुरुस्तीची मुदत कबूल करू नका, कारण बग दुसऱ्याच्या लायब्ररीत निघू शकतो. जुन्या आवृत्तीत सुरक्षेचे पॅच (कोडमधल्या दुरुस्त्या) बॅकपोर्ट करून, म्हणजे नव्या आवृत्तीतून मागे आणून, देण्याला चांगले पैसे मिळतात, कारण मोठ्या ग्राहकांना अपग्रेड लवकर जमत नाही. दर ठरवताना महिन्याचे निम्मेच तास बिलात येतील असं धरा. उरलेले ईमेल, कोटेशन आणि बिनपैशाच्या बग रिपोर्टांत जातात. नवं फीचर बांधायचं असेल तर टेस्ट, डॉक्युमेंटेशन आणि मुख्य शाखेत मर्ज करण्याचं, म्हणजे सगळ्यांच्या मूळ कोडमध्ये मिसळण्याचं, काम किमतीत धरा. ते वगळलंत, तर प्रत्येक ग्राहकाचा वेगळा पॅच दर रिलीजला पुन्हा बसवत बसावं लागेल.

दुहेरी लायसन्स, म्हणजे जीपीएल (बदललेला कोड वाटला तर तोही खुलाच ठेवा, अशी अट घालणारं मुक्त लायसन्स) आणि ती अट नको असलेल्यांसाठी विकतचं व्यावसायिक लायसन्स, हाही मार्ग आहे, पण मी तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो, कारण कमाई शेवटी निर्बंधावरच होते. एमआयटी लायसन्सवर तो चालतच नाही, कारण त्यात तशी अटच नाही. शिवाय सगळ्या कोडचे हक्क आपल्या हाती असावे लागतात, त्यामुळे बाहेरच्या पहिल्याच पॅचपासून सीएलए, म्हणजे कोड देणाऱ्याने हक्क देण्याचा करार, घ्यावा लागतो. खरा धोका तिथे आहे. उद्या कोड बंद करण्याची मुभा त्याच कागदातून मिळते. २०२३ मध्ये हाशीकॉर्प कंपनीने सर्व्हर उभारण्याच्या टेराफॉर्म या आपल्या साधनाचं मुक्त लायसन्स बदलून निर्बंधांचं केलं आणि त्याचा फोर्क (जुन्या खुल्या कोडवरून काढलेली वेगळी आवृत्ती), ओपनटोफू, उभा राहिला.

त्यामुळे सीएलएतच लिहून द्या की आलेला प्रत्येक पॅच मुक्त लायसन्सखालीही कायम उपलब्ध राहील. क्यूटी या प्रोग्रामच्या खिडक्या-बटणं बनवण्याच्या लायब्ररीबाबत, ती वापरणाऱ्या केडीई या मुक्त डेस्कटॉप प्रकल्पाने १९९८ मध्येच तशी तजवीज केली: मुक्त आवृत्ती थांबली, तर कोड बीएसडीसारख्या (जवळपास निर्बंध नसलेल्या) लायसन्सखाली प्रसिद्ध करण्याचा हक्क एका स्वतंत्र फाउंडेशनकडे आहे.