गॅरेजमधल्या फ्रिजला हात लावायचा नाही!

प्रोब काढला! मी घरी बिअर बनवते. ती ज्यात आंबते त्या फर्मेंटरच्या अंगाला टेपनं घट्ट चिकटवून वर फोम गुंडाळलेला, फ्रिज चालू-बंद करणाऱ्या टेम्परेचर कंट्रोलरचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी वायर, माझ्या दिरानं उपटला आणि फ्रिजच्या दाराबाहेर लोंबकळत सोडला. का? तर कोकचे कॅन मावत नव्हते. वर म्हणे, "वहिनी, ती वायर मध्ये येत होती हो."

मध्ये येत होती! ऑगस्टमधलं ह्यूस्टन, त्यातलं गॅरेज. बाहेर लोंबणाऱ्या प्रोबला रात्रीसुद्धा तीस अंश दिसणार, आणि कंट्रोलर बिचारा ते दहावर आणायला कॉम्प्रेसर पळवत राहणार. शुक्रवारी उपटला, मला कळलं रविवारी. पिल्सनर, म्हणजे थंडीत आंबणारी फिकट बिअर, दहाऐवजी दोन अंशांवर. यीस्ट तळाशी गपगार. बिअर गार होताना एअरलॉकमधलं, म्हणजे झाकणावरच्या गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीतलं, सॅनिटायझर सगळं आत ओढलं गेलेलं, एअरलॉक कोरडा ठणठणीत. ग्रॅव्हिटी, म्हणजे साखर संपेल तशी उतरणारी घनता, 1.048 वरून 1.010 ला जायची, ती 1.030 ला अडकून बसलीय. आता हळूहळू तापमान चढवा, फर्मेंटर हलवून यीस्टला उठवा, नाही उठलं तर स्टार्टर करून, म्हणजे आधी वेगळं वाढवून, नवं घाला. ते जमलं तर पुढे डायअसेटिल रेस्ट, म्हणजे लोण्यासारखी चव जावी म्हणून थोडं उबेत ठेवणं, मग लागरिंगचे, म्हणजे थंडीत मुरवायचे, आठवडे.

आणि हे एका पिल्सनरवर थांबत नाही ना! फ्रिज एक आहे. पिल्सनर दहा अंशांवर, दुसरी बिअर पेल एल अठरावर, दोघी एकत्र नांदत नाहीत. म्हणून रांग लावलेली. पेल एलचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, दळून पडलंय, ते आता शिळं होणार. तिसरी, काळी स्टाउट बाथटबमध्ये ओला टॉवेल लपेटून बसलीय, तिच्याभोवती बर्फाच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ मी बदलते, आणि घरातले विचारतात टब कधी रिकामा होणार. उकाडा मानवतो तो एकट्या सेझाँ नावाच्या बिअरला. पण तिचं यीस्ट सगळी साखर खाऊन टाकणारं, ते दुसऱ्या बिअरमध्ये जायला नको, त्यामुळे तिच्या नळ्या वेगळ्या, बादली वेगळी. आणि त्या वेगळ्या बादलीवरची मास्किंग टेप, ज्यावर मी तारीख आणि यीस्ट लिहिलं होतं, ती कुणीतरी गिफ्ट पॅक करायला सोलून नेली! मार्कर शेजारीच होता, टेपचं अख्खं रीळ शेजारीच होतं!

दर पार्टीत तेच. माझी बिअर पितात आणि नवऱ्याच्या पाठीवर थाप मारतात, "फक्कड जमलीय रे!" त्यानं आजवर एक झाकण बसवलेलं नाही. मग कुणी काका आवाज खाली आणून विचारतात, "हे कायदेशीर आहे ना?" अहो, 1978 साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टरनी कायद्यावर सही केलीय, दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलन घरची बिअर! दुसरा शहाणा एअरलॉककडे बघून सांगतो, बुडबुडे थांबले, बाटल्यांत भरून टाक की. भरते, आणि उरलेली साखर आत आंबून गॅसनं बाटल्या फुटल्या की काचा तू गोळा कर.

बाटल्यांवरून आठवलं. एका बॅचला पन्नासेक लागतात. नेताना सहा-सहा नेता, परत काय येतं? दोन, त्यातल्या एकीत बुरशी आणि दुसरीत सिगारेटचं थोटूक. आणि वर फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या आणून देता, ज्यांच्यावर माझं झाकण धड बसत नाही.

स्टाउट पुढच्या आठवड्यात भरायचीय. ज्यांच्याकडे माझ्या बाटल्या आहेत त्यांनी शनिवारपर्यंत आणून द्याव्यात. धुऊन.