अडाणी होते म्हणून फसले? एका प्रतिक्रियेला उत्तर

एकोणिसाव्या शतकात युरोपातून अमेरिकेत आलेल्या स्थलांतरितांवरच्या माझ्या लेखावर एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. तुमचे आक्षेप दोन. न्यूयॉर्क बंदरात झालेल्या त्यांच्या लुटालुटीचं मी फार चघळून वर्णन केलं, खरं तर ती माणसं अडाणी होती म्हणून फसली. आणि काही झालं तरी ती ‘कायदेशीरपणे, रांगेत उभी राहून’ आली, हे मी सांगितलं नाही.

अडाणीपणाचं मला पटत नाही. १८४०च्या दशकात बोट लागली की ‘रनर’ म्हणवणारे दलाल उतारूंना गाठत. गोम अशी, की ते बरेचदा उतारूंच्याच मुलखातले असत. आयरिश माणसाला आयरिश दलाल, जर्मनाला जर्मन. कित्येक आठवडे समुद्रावर काढलेल्या माणसाच्या कानावर आपली बोली पडली, की तो सामान त्याच्या हाती देणारच. मग ते सामान एखाद्या लॉजमध्ये अडकवायचं, भाडं मनाला येईल तसं लावायचं, आणि पुढच्या प्रवासाची चढ्या दराची नाहीतर चक्क खोटी तिकिटं गळ्यात मारायची. मुंबईत नव्याने आलेल्या किती पदवीधरांना गाववाल्यानेच खोलीच्या डिपॉझिटला बुडवलंय, जरा विचारून बघा!

कॅसल गार्डन या न्यूयॉर्कमधल्या उतारू-केंद्राचं उदाहरण मी याचसाठी दिलं होतं. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाचा हा जुना किल्ला मधल्या काळात नाट्यगृह होता. १८५० मध्ये प्रसिद्ध स्वीडिश गायिका जेनी लिंड तिथे गायली. ऑगस्ट १८५५ पासून न्यूयॉर्क राज्याने उतारूंना तिथे उतरवायला सुरुवात केली. रेल्वेची तिकिटं, नाणी बदलणं, सामानाचं वजन, सगळं आत, देखरेखीखाली; दलाल बाहेर. येणारी माणसं पूर्वीइतकीच शिकलेली किंवा न शिकलेली होती. तरी दलालांनी या उतारू-केंद्राविरुद्ध निषेधसभा भरवल्या. त्यांचा धंदा उतारूंच्या अडाणीपणावर चालत असता, तर एका फाटकाने त्यांचं एवढं काय बिघडलं? (पुढे तिथल्या कारभाराबद्दलही तक्रारी झाल्याच, पण ते पुढचं.)

आता रांग. युरोपातून निघणाऱ्याला त्या काळी अमेरिकेचा व्हिसा लागतच नव्हता. १८१९ च्या कायद्याप्रमाणे कप्तानाने उतारूंची यादी द्यायची, न्यूयॉर्क राज्याचा दरडोई कर बोटमालकाने भरायचा. वॉशिंग्टनने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारने, दार आवळायला घेतलं ते १८७५ मध्ये. १८८२ मध्ये चिनी मजुरांवर दहा वर्षांची बंदी आली आणि त्याच वर्षी इतरांवर दरडोई ५० सेंट कर. १८४७ चा दुष्काळातून आलेला आयरिश माणूस कायदा पाळून आला हे खरंच, पण मोडायला फारसा कायदाच नव्हता. त्याचा दाखला देऊन आजच्या स्थलांतरितांना शहाणपण शिकवायचं, हे माझ्याकडून होणार नाही.

१८८२ च्या बंदीवर स्वतंत्र लेख लिहायला घेतलाय. तिथे जरूर भांडायला या.