७६८ रुपये वाचवण्याची घरगुती रीत

मोठ्या विनाइल प्रिंटवर, म्हणजे पाठीला गोंद असलेल्या प्लॅस्टिकवरच्या छापावर, लॅमिनेशन करायला (वरून पारदर्शक फिल्म चिकटवायला) यंत्र लागते, हा समज ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांनीच पसरवलेला आहे. आपण पुण्यात राहता, तेव्हा असल्या समजाला बळी पडण्याचे आपल्याला काही कारण नाही. दुकानात जाऊन ते यंत्र एकदा डोळे भरून पाहून घ्यावे. रबराचे दोन लांबलचक रोलर एकमेकांवर दाबून बसवलेले असतात, त्यांच्यामधून प्रिंट जाते, वरून फिल्म सुटत येते, आणि पलीकडून चकचकीत माल बाहेर पडतो. एवढ्याचे आप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळातील दुकानदाराने आम्हाला चौरस फुटाला ८ रुपये सांगितले. मंडळाच्या इतिहासाचे फलक ३, प्रत्येक फलक ८ फूट बाय ४ फूट, म्हणजे ९६ चौरस फूट, म्हणजे ७६८ रुपये. हा हिशेब आमच्या खजिनदारांनी दुकानाच्या पायरीवर उभ्या उभ्या तोंडी केला आणि ते नुसतेच माझ्याकडे पाहत राहिले. त्या नजरेचा अर्थ ज्याला कळत नाही, त्याने कोणत्याही मंडळाचे सभासदत्व घेऊ नये.

पहिले काम फिल्मच्या खरेदीचे. ही कोल्ड लॅमिनेशनची फिल्म, म्हणजे उष्णता न देता निव्वळ दाबाने चिकटणारी. तिला अंगचाच गोंद असतो आणि गोंदावर मेणचट स्पर्शाचा कागद असतो. ती आम्हाला फुटावर मिळाली नाही. रोल ५० इंच रुंद आणि ५० मीटर लांब होता, आणि तो पुरा घ्यावा लागला. आम्हाला ३,४०० रुपये पडले. ७६८ रुपये वाचवण्यासाठी ३,४०० रुपये खर्च करणे हे वरवर पाहणाऱ्याला विचित्र वाटेल; पण त्याला खर्च म्हणायचे नसते, त्याला साठा म्हणायचे असते, आणि वार्षिक सभेत हा फरक ठणकावून सांगता आला की कोणीही पुढे विचारत नाही. फिल्म घेताना ग्लॉसीच घ्यावी. मॅट फिल्ममध्ये बारीकसारीक दोष लपतात, आणि आपल्या हातच्या कामात लपवण्यासारखे काय असणार?

प्रिंट हातात पडताच घरी येऊन लगेच कामाला लागावे. तिला उग्र वास येत असतो, कारण सॉल्व्हेंट शाईतला द्रावक अजून उडून जात असतो. दुकानदार म्हणेल, “काका, २४ तास तरी मोकळी पसरून ठेवा, ४८ ठेवलीत तर फारच बरं, आणि घट्ट गुंडाळून ठेवू नका.” हा मनुष्य पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळण्यासाठी आपल्याला वाटेला लावत आहे, असे समजावे. प्रतिष्ठापना परवावर आलेली असताना ४८ तास वास उडण्याची वाट पाहणे कोणत्याही कार्यकर्त्याला शोभणारे नाही. ओल्या शाईवर फिल्म बसवली की आत कोंडलेला द्रावक वरच्या गोंदात शिरतो, खाली विनाइलमध्ये आणि विनाइलच्या गोंदातही शिरतो, सगळे कसे मऊ पडते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी फलकाच्या कडा तव्यावरच्या पापडासारख्या वर येऊ लागतात. पण तोवर आरतीला गर्दी झालेली असते आणि कडांकडे पाहायला कोणाला सवड नसते.

काम दिवाणखान्यातच करावे. ८ फूट लांबीची प्रिंट सपाट पसरेल असे टेबल घरात नसते आणि फरशीला सांधे असतात. ते सांधे पुढे फलकावर हलक्या रेघांच्या रूपाने उमटतात, त्याला नक्षी मानावे. सुरुवात करण्याच्या अगदी आधी केरसुणीने खोली स्वच्छ झाडून घ्यावी, म्हणजे इतके दिवस कोपऱ्यात निमूट बसलेली धूळ हवेत येऊन कामाच्या वेळी हजर राहते. पंखा चालू असावाच. (आमच्या सौभाग्यवतींनी पंखा बंद करून ओल्या फडक्याने पुसायला सांगितले होते. पण त्या मंडळाच्या कार्यकारिणीवर नाहीत.) फिल्मवरचा कागद सुटताना तिच्यावर स्थिर वीज तयार होते आणि हवेतले केस, तंतू, धुळीचे कण ती स्वतःहून ओढून घेते. भाद्रपदातल्या दमट हवेत हा प्रकार जरा कमी असतो. हिवाळ्यात तो पूर्ण बहरात पाहायला मिळतो. घरात मांजर असल्यास तिलाही खोलीबाहेर काढू नये.

आता मुख्य विधी. काही भित्रे लोक फिल्मचा कागद एका टोकाला फक्त दोन-तीन इंच सोडवतात, तेवढीच पट्टी प्रिंटच्या कडेवर चिकटवतात, आणि मग एक जण खालून कागद हळूहळू ओढत असताना दुसरा मधून बाहेर, मधून बाहेर असा दाब देत पुढे सरकतो. त्या पद्धतीत थरार नाही. आपण कागद एका दमात पूर्ण सोलावा, चौघांनी फिल्मचे चार कोपरे धरून अंतरपाटासारखी ती प्रिंटवर आडवी धरावी, आणि ‘सावधान’ म्हणताच सोडावी. आमच्या वेळी चौघांनी चार वेगवेगळ्या क्षणी सोडली. मधला भाग आधी टेकला, उजवा कोपरा स्वतःवरच दुमडून बसला, आणि डावा कोपरा खजिनदारांच्या सदऱ्याच्या बाहीला लागला तो शेवटपर्यंत सुटला नाही. ती अडीच मीटर फिल्म व ती बाही ही दोन्ही त्या सायंकाळी कात्रीने वेगळी करण्यात आली. प्रिंटवरून फिल्म ओढून काढली तेव्हा तिच्याबरोबर मंडळाच्या स्थापनेच्या छायाचित्रातील शाईही थोडी निघून आली. संस्थापकांपैकी दोघे आता चेहऱ्यावाचून उभे आहेत, पण त्यांच्या टोप्या शाबूत आहेत.

दुसऱ्या फलकाला आम्ही नाइलाजाने भित्र्यांची पद्धत धरली. तिच्यातही आनंद मिळवता येतो, फक्त सुरुवातीची पट्टी अंदाजाने लावावी लागते. फिल्म ५० इंची आणि प्रिंट ४८ इंची, म्हणजे दोन्ही बाजूंना चूक करायला एकेक इंच आहे. पहिली पट्टी एका अंशाने तिरपी बसली, जे डोळ्याला दिसतसुद्धा नाही, तर ८ फुटांच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत फिल्म दीड इंचाहून अधिक सरकलेली असते आणि शेवटच्या तीनेक फुटांत कडेची एक निमुळती पाचर उघडी राहते. मग फिल्म हाताने खेचून वळणावर आणावी. ती रबरासारखी ताणली जाते, तेव्हा जमल्यासारखे वाटते. पुढे दोन दिवस ती आपल्या मूळ लांबीवर परत जाण्याचा प्रयत्न करते आणि जाताना प्रिंटलाही बरोबर नेते. आमच्या दुसऱ्या फलकावर कार्यकारिणीच्या नामावलीत उजवीकडे असलेल्या सदस्यांना लॅमिनेशन लाभलेले नाही. ते सगळे विरुद्ध गटाचे निघाले, हा योगायोग होता असे मी आजही शपथेवर सांगतो.

दाब देण्यासाठी फेल्ट लावलेली स्क्वीजी, म्हणजे कडेला मऊ लोकरी कापड असलेली हातात धरायची पट्टी, मिळते. ती वीसेक पावलांवरच्या दुकानातही असते, म्हणून ती आणू नये. घरात लाटणे आहे. लाटण्याबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण त्या रात्री मी ते प्रथमच निरखून पाहिले. आपले लाटणे मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळते असते, कारण पोळी फिरत राहावी अशी त्याच्याकडून अपेक्षा असते. विनाइलवर तेच फिरवले की मधल्या चारेक इंचांवर दाब पडतो आणि दोन्ही टोके हवेत राहतात. शिवाय त्याची सारी लांबी फूट-सव्वाफूट. ४८ इंचांची रुंदी गाठायला शेजारी शेजारी कितीतरी पट्टे ओढावे लागतात, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये हवेची एक बारीक शीर उरते. यंत्राचे रोलर साडेचार-पाच फूट रुंदीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखाच दाब देतात आणि सारख्याच वेगाने फिरतात. माणसाचा हात पहिल्या फुटाला उत्साहात असतो, चौथ्या फुटाला त्याला चहा हवा असतो. जिथे दाब कमी पडतो तिथे गोंद शाईच्या बारीक उंचसखलपणात उतरत नाही, हवेचे सूक्ष्म कण अडकून राहतात, आणि काळ्या किंवा गडद निळ्या रंगावर चंदेरी धुके पसरल्यासारखे दिसते. आमच्या फलकावर रात्रीच्या मिरवणुकीचे छायाचित्र होते. ते पाहून अनेकांनी त्या वर्षी धुके पडले होते का, अशी चौकशी केली.

शेजारच्या नानांनी साबणाच्या पाण्याचा उपाय सुचवला. ते गाड्यांच्या काचांना फिल्म लावताना पाहून आले होते. काचेवर फवारलेले पाणी रेटून कडेने काढता येते, कारण काच गुळगुळीत असते आणि काम लहान असते. येथे वरून प्लॅस्टिक, खालून प्लॅस्टिक, मध्ये पाणी आणि बाहेरची कड २४ इंच दूर. ते पाणी अजून तेथेच आहे.

मोठ्या बुडबुड्यांना मात्र उपाय आहे. टाचणीने टोचावे आणि बोटाने हवा भोकाकडे रेटावी. पहिल्या फलकाच्या नव्या प्रिंटवर (ती पुन्हा काढावी लागली, तिचे पैसे मी येथे धरत नाही) असाच एक पावलीएवढा बुडबुडा नेमका सालावर आला. सार्वजनिक गणेशोत्सव १८९२ मध्ये भाऊसाहेब रंगारी यांनी सुरू केला की १८९३ मध्ये लोकमान्य टिळकांनी, हा वाद या शहरात अजून मिटलेला नाही. २०१७ मध्ये महापालिकेने १२५ वे वर्ष साजरे केले तेव्हाही तो नव्याने पेटला होता. आमच्या फलकावर कोणते साल छापावे यावर दोन सभा झाल्या होत्या. मी टाचणीने टोचले, वर हेअर ड्रायर धरला, तो जरा जास्त वेळ धरला, फिल्म आकसली, सुरकुतली आणि शेवटचा आकडा २ आहे की ३, हे ओळखणे कायमचे अशक्य झाले. उत्सवात दोन्ही पक्षांचे लोक येऊन फलकापुढे उभे राहिले आणि दोघेही माना डोलावून गेले.

तिसऱ्या फलकाची प्रिंट मी रात्री साडेआठला स्कूटरवर उभी बांधून त्याच बोळात नेली. दुकानातल्या मुलाने प्रिंटला हात लावून पाहिला, वास घेतला, “ही सुकलीय, चालेल” म्हणाला, आणि माझ्यासाठी सांगितलेला चहा येण्याच्या आत ती पलीकडून बाहेर काढली. २५६ रुपये झाले. खजिनदारांनी ते ‘संकीर्ण’मध्ये टाकले आणि उरलेल्या ५१२ रुपयांची बचत अहवालात ठळक अक्षरांत छापली.

उत्सवानंतरच्या सभेत, साठ्यात सुमारे ४२ मीटर फिल्म शिल्लक असल्याने पुढील वर्षीचे ५ फलकही घरीच लॅमिनेट करावेत आणि अनुभवी म्हणून ते काम माझ्याकडे द्यावे, असा ठराव एकमताने मंजूर झाला. फिल्मचा रोल उभा किंवा टांगून ठेवायचा असतो. आडवा ठेवून त्यावर वजन पडले की गोंदावर दाबाचे पट्टे उमटतात आणि ते पुढे फिल्मवर जन्मभर दिसतात. म्हणून तो आमच्या दिवाणाखाली आडवा ठेवला आहे, आणि त्यावर मंडळाचे दोन ढोल आहेत.