गूळ घातला म्हणून आवळा कँडी शुगर फ्री होत नाही

गेल्या डिसेंबरात आमच्या ठाण्यात, नौपाड्यातल्या एका प्रदर्शनात आवळा कँडीचं पाकीट घेतलं. वर ठळक अक्षरांत 'शुगर फ्री'. बाबांना शुगर होऊन अठरा वर्षं झाली आणि आवळा कँडी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. आई होती तोवर दर थंडीत मोरावळा व्हायचा. बाबा त्यातली एक फोड पाण्याखाली धुऊन खायचे. पाकीट हातात दिलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, "नक्की चालेल ना गं मला?" मी म्हटलं, खा निर्धास्त. सहा-सात तुकडे खाल्ले त्यांनी. दोन तासांनी ग्लुकोमीटरवर आकडा आला २२४. एरवी जेवणानंतरही ते १६०-१७० च्या आसपास असतात. मग पाकीट उलटं करून बघितलं. मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं : आवळा, सेंद्रिय गूळ, मध, सैंधव.

दुसऱ्या दिवशी जाऊन कँडी विकणाऱ्या ताईंना विचारलं. त्या अगदी मनापासून म्हणाल्या, "साखरेचा कणसुद्धा नाही हो त्यात, सगळं गुळात केलंय." त्या फसवत नव्हत्या, त्यांना खरंच तसं वाटत होतं. मला याचीच जास्त काळजी वाटते.

गूळ ही उसाच्याच रसाची, न शुद्ध केलेली साखर आहे. मधातही साधारण ८० टक्के साखरच असते. खजुराचंही फार वेगळं नाही. खडीसाखर तर नावातच सांगते. चव, रंग, थोडीफार खनिजं यांत फरक असेल, पण रक्तात गेल्यावर शरीर हे सगळं साखर म्हणूनच मोजतं. आपल्याकडे 'शुगर फ्री' लिहायचं तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे १०० ग्रॅम पदार्थात अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही. हा नियम कडक आहे, आणि तो कडकच हवा. नुसतं 'वरून साखर घातलेली नाही' म्हणणं ही निराळी गोष्ट. आंबापोळीत वरून काही घातलं नाही तरी आंब्याची स्वतःची साखर आटून आटून घट्ट झालेली असते. ती मधुमेही माणसाला 'शुगर फ्री' म्हणून कशी द्यायची?

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आणि १३ कोटींहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचं दिसलं. म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या सोसायटीत, प्रत्येक मजल्यावर ही माणसं आहेत. हळदीकुंकवाला, दिवाळीला, गावाहून आल्यावर आपण प्रेमाने त्यांच्या हातावर काय ठेवतो, ते आपल्याला माहीत असायला हवं.

त्यानंतर मी ठरवलं, बाबांची कँडी मी घरीच करीन. जांभळी नाक्यावरून अर्धा किलो मोठे, डाग नसलेले आवळे आणले. चाळणीत ठेवून दहा मिनिटं वाफवले, की पाकळ्या आपोआप सुटतात. इथवर आईचीच रीत. पुढे साखरेच्या जागी एरिथ्रिटॉल घेतलं, ३५० ग्रॅम. ते साखरेसारखंच दिसतं, गोडी साखरेच्या साधारण ६०-७० टक्के, आणि शरीरात शोषलं गेलं तरी बहुतेक सगळं लघवीवाटे जसंच्या तसं बाहेर पडतं. त्यामुळे रक्तातली साखर वाढत नाही.

रात्री झाकून ठेवलं. सकाळी पातेल्याच्या तळाशी काचेसारख्या खड्यांचा थर, आणि प्रत्येक पाकळीवर सुईसारखे खडे चिकटलेले. दाताखाली वाळूसारखं कचकचत होतं. कारण नंतर वाचून कळलं. खोलीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात साखर जवळजवळ २०० ग्रॅम विरघळते, एरिथ्रिटॉल मात्र ६० ग्रॅमच्या आतच थांबतं. उरलेलं गार होताना खडा धरतं. पुढच्या वेळी २०० ग्रॅमच घेतलं, कमी पडलेल्या गोडीसाठी स्टीव्हियाचे (एका गोड पानांच्या वनस्पतीच्या अर्काचे) चार थेंब, किसलेलं आलं, चिमूटभर सैंधव, आणि पाक कोमट असतानाच पाकळ्या निथळून ताटात पसरल्या. या वेळी खडे जवळजवळ धरलेच नाहीत. जिभेवर ठेवल्यावर पुदिन्यासारखा गारवा लागतो, तो एरिथ्रिटॉलचा गुण. विरघळताना ते तोंडातली उष्णता ओढून घेतं. आवळ्याच्या तुरटपणाशी तो गारवा छान जमतो, हे मी खात्रीने सांगते.

पण पहिल्या घाण्याच्या वेळी दुसरी एक चूक झाली होती, ती जास्त महत्त्वाची. आईची बरणी वर्षभर फडताळात राहायची, म्हणून मीही बरणी भरून फडताळातच ठेवली. नवव्या दिवशी झाकण उघडलं तर एका पाकळीवर पांढरी लव. सगळं फेकून दिलं. मुरवलेल्या फळात साखर नुसती गोडीसाठी नसते. ती फळातलं पाणी ओढून स्वतःशी बांधून ठेवते आणि मग बुरशीला वाढायला पाणीच उरत नाही. पाक ७० टक्क्यांच्या वर गेला की फळ टिकतं ते याच जोरावर. साखर काढली की ती राखणही गेली. स्टीव्हियाच्या थेंबांना ते काम मुळीच जमत नाही. म्हणून बिनसाखरेची कँडी थोडीच करायची, चांगली खडखडीत वाळवायची आणि फ्रिजमध्येच ठेवायची. दोन आठवड्यांत संपवायची. ठाण्याच्या दमट हवेत ग्रिलमधल्या उन्हावर विसंबू नका. मी पंख्याखाली एक दिवस ठेवून मग ओव्हनमध्ये ६० अंशांवर तीन-चार तास वाळवते.

काही लोक साखरेऐवजी माल्टिटॉल वापरतात. त्याने साखर वाढतेच, कमी प्रमाणात का होईना, आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडतं. झायलिटॉल हा असाच आणखी एक पर्याय वापरत असाल आणि घरात कुत्रा असेल तर डबा त्याच्या तोंडाला लागू देऊ नका, कुत्र्यांना ते विषारी आहे.

एरिथ्रिटॉलबद्दलही लपवाछपवी नको. २०२३ मध्येच एका मोठ्या अभ्यासात रक्तातलं एरिथ्रिटॉल जास्त असलेल्या लोकांमध्ये हृदयविकाराचा धोका जास्त दिसला होता. ते आपलं शरीर स्वतःही तयार करतं, त्यामुळे कारण नेमकं काय हे त्यातून सिद्ध होत नाही. पण बाबांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, म्हणून मी आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारलं. दिवसाला दोन पाकळ्या, त्याहून जास्त नाही, असं ठरलं. तुमच्या घरात असं कुणी असेल तर तुम्हीही विचारून घ्या.

खरं तर आपल्याकडे बिनसाखरेचा आवळा आजीच्या काळापासून आहे. आवळा सुपारी. किसलेला आवळा, आलं, ओवा, मीठ, आणि कडक ऊन. तिथे साखरेचं राखणीचं काम मीठ आणि ऊन करतं. ज्यांना रक्तदाबाचा त्रास नाही, त्यांना मी अजूनही आधी तीच सुचवेन.

यंदा त्या प्रदर्शनाची तारीख कळली की मी त्या ताईंकडे जाणार आहे. त्यांची कँडी चवीला उत्तम होती, आणि 'गुळातली आवळा कँडी' म्हणून ती आनंदाने विकली जाईल. फक्त वरचे ते दोन शब्द बदला, एवढंच सांगायचंय. माझ्या बरणीला मी चिठ्ठी चिकटवते : आवळे अर्धा किलो, एरिथ्रिटॉल २०० ग्रॅम, स्टीव्हिया, आलं, सैंधव, केल्याची तारीख. बाबा रोज सकाळी चष्मा लावून ती चिठ्ठी वाचतात आणि मगच झाकण उघडतात.